गांजा, भांग आणि चरस : प्रचलित समज आणि वास्तव धोके

महाशिवरात्र आणि शिमगोत्सव जवळ आले की भांग व गांजा यांविषयी भाविकांमध्ये हमखास चर्चा सुरू होते. भांग हा शंकराचा प्रसाद असल्याने तिला दोष नाही, असे कोणी म्हणतो. गांजाचा एक झुरका घेतला तरी मनुष्य कायमचा वेडा होतो, असे दुसरा सांगतो. पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी, केरी या किनारी गावांत, डिचोलीच्या बाजारपेठेत आणि राजधानी पणजीत आज ज्या घरांत वाढत्या वयाची मुले आहेत, त्या पालकांना या दोन्ही टोकांच्या सांगण्याचा उपयोग होत नाही. मुलाने मोबाईलवर दहा ठिकाणी वाचलेले असते. पालकांचे एक विधान खोटे ठरले की त्यांच्या उरलेल्या नऊ खऱ्या विधानांवरही तो विश्वास ठेवीत नाही. म्हणून या विषयातील जे निश्चित ज्ञात आहे ते महाजन व भक्तगणांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

एक वनस्पती, तीन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पाने वाटून दूध, बदाम, मिरी इत्यादींसह पितात ती भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवून चिलमीतून किंवा विडीतून ओढतात तो गांजा. त्या फुलोऱ्यावरील चिकट राळ वेगळी काढली म्हणजे चरस. तिन्हींतील नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच असून त्यास संक्षेपाने टीएचसी म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत, मानवी मेंदू स्वतः तयार करीत असलेला व त्याच जागी कार्य करणारा एक पदार्थ सापडला. संशोधकांनी त्यास ‘आनंदमाइड’ असे नाव दिले, आणि ते आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरूनच. भूक, स्मरण, वेदना, भीती, निद्रा या साऱ्यांचे नियमन करणाऱ्या या नैसर्गिक यंत्रणेवर टीएचसी बाहेरून येऊन ताबा मिळविते. या वनस्पतीचे औषधी गुण आणि तिचे अपाय दोन्ही या एकाच ठिकाणाहून उगम पावतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

गोमंतकाचा जुना संबंध

हा पदार्थ हिप्पींनी गोव्यात आणला, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६८ साली येथेच निवर्तला. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. या देशातील मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात ‘बांग’ या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाने कुटून तयार केलेल्या या द्रव्यात सुपारी, जायफळ, लवंग, कापूर असे पदार्थ मिसळतात, असे त्याने नोंदविले आहे. ते घेतल्याने श्रम जाणवत नाहीत, मन प्रसन्न राहते आणि भूक फार लागते, हे त्याला त्याच्या चाकरांकडून कळले. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या वैद्यकाशी तंतोतंत जुळते. म्हणजे पदार्थ येथे जुनाच आहे. मात्र तो श्रमिकांच्या किंवा दरबारी लोकांच्या सेवनाचा होता. तो देवळाच्या आचाराचा भाग असल्याचे त्या वर्णनातून दिसत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण, वागातोर व पुढे हरमल या किनाऱ्यांवर परदेशी तरुणांचे तांडे येऊ लागले. त्यांच्यामुळे सेवनाची रीत बदलली, व्यापार वाढला आणि गोव्याच्या नावाला जगभर एक विशिष्ट वास चिकटला. त्या कीर्तीची किंमत आज स्थानिक कुटुंबे चुकवीत आहेत, हे सांगण्यात अतिशयोक्ती नाही.

‘हा तर शंकराचा प्रसाद’

हा विषय देवस्थानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात पाच श्रेष्ठ वनस्पतींमध्ये ‘भंग’ हे नाव येते, हे खरे आहे. तो भंग म्हणजे आजचीच भांग काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तेथील प्रार्थना संकटमुक्तीची आहे आणि त्या पंक्तीत दर्भ व यवही आहेत. आयुर्वेदात भांगेस ‘विजया’ हे नाव मिळाले. शार्ङ्गधरसंहितेत तिचा उल्लेख व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून, अफूच्या शेजारी, केलेला आहे. पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारे ते व्यवायी. भावप्रकाशातही तिच्या दीपन-पाचन गुणांबरोबर मोह व मद उत्पन्न करण्याचा गुण नमूद आहे. म्हणजे आपल्या प्राचीन वैद्यांनी तिला औषध म्हटले ते दोष झाकून नव्हे. ते तिचा वापर शोधन करून आणि मात्रा ठरवून करीत. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ई-१ या परिशिष्टात, आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत, धोत्रा, अफू, बिब्बा यांच्यासमवेत बिया वगळून भांगेचे नाव आहे. अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

काशी, मथुरा, उज्जैन येथे भांगेला शिवपूजेत स्थान आहे व तेथील परंपरेचा येथे अनादर करावयाचा नाही. गोमंतकात मात्र शिवमंदिरांतील मुख्य उपचार जलाभिषेक, बेल आणि उपवास हाच राहिला आहे. डिचोली तालुक्यातील हरवळे येथील श्री रुद्रेश्वर असो वा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार करविलेले नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वर असो, तेथे महाशिवरात्रीला जाणारा भाविक रांगेत उभा राहतो तो तांब्या आणि बिल्वपत्र घेऊन. भांगेवाचून शिवरात्र पूर्ण होत नाही, ही कल्पना आपल्याकडे चित्रपटांतून आणि अलीकडच्या पर्यटनातून आलेली दिसते. आणि शंकराने हलाहल प्राशन केले म्हणून भक्तानेही विष घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. मग हाच न्याय भांगेला का लावू नये?

भांगेविषयी एक व्यावहारिक सूचना येथेच देणे इष्ट. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. प्यायलेल्या भांगेचा परिणाम सुरू व्हावयास अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि तो पुढे कित्येक तास टिकतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून नवखा मनुष्य दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडणे, मृत्यू येतो आहे अशी भीती, भ्रम, उलट्या अशा अवस्थेत सणाच्या दिवशी रुग्णालयात येणाऱ्यांपैकी अनेकांची कथा हीच असते. लहान मुलाच्या हाती भांगेची गोळी, बर्फी वा थंडाई लागली तर गोष्ट अधिक गंभीर आहे. मुले गाढ बेशुद्ध होऊ शकतात, त्यांचा श्वास मंदावू शकतो. अशा वेळी लिंबू-ताकाचे उपचार करीत न बसता मुलास ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि काय पोटात गेले ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. लाजेपायी दडविल्याने उपचारास उशीर होतो.

वेड लागते काय?

इंग्रजी अमलात या प्रश्नाची मोठी चौकशी झाली होती. १८९३ साली नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने देशभर ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले व १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासता, अनेक रुग्णांच्या नावापुढे ‘गांजामुळे’ हे कारण पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून, विशेष चौकशी न करता लिहिलेले आढळले. मित सेवनाने फारशी हानी नाही, अतिसेवनाने शरीर व मन दोहोंची हानी होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गांजाचे समर्थक त्यातील पूर्वार्ध उद्धृत करतात, उत्तरार्ध क्वचितच.

त्यानंतर ज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीस आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतल्याचे सांगणाऱ्यांत स्किझोफ्रेनिया हा आजार सुमारे सहापट आढळला. युरोप व ब्राझीलमधील ११ ठिकाणच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सेवन करणाऱ्यांना चित्तभ्रमाचा धोका सुमारे तिप्पट, आणि तीव्र प्रतीचा गांजा रोज घेणाऱ्यांना जवळजवळ पाचपट दिसला.

हे आकडे नीट समजून घ्यावेत. स्किझोफ्रेनियाचे मूळ प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. ते काही पट झाले तरी बहुसंख्य सेवन करणाऱ्यांना हा आजार होणार नाही. म्हणून ‘एका झुरक्याने वेड’ हे विधान चुकीचे आहे. परंतु ज्याच्या घराण्यात आई-वडील, भावंडे, मामा-काका यांपैकी कोणास असा आजार झालेला आहे, त्याच्यासाठी हा जुगार फार वाईट आहे, आणि आजार एकदा सुरू झाला की गांजा सोडल्यावरही तो जाईलच याची शाश्वती नाही. आपल्या समाजात असे आजार लपविण्याची रीत आहे. लग्नाच्या बाजारात अडचण नको म्हणून काकांच्या आजाराविषयी मुलांस कधीच सांगितले जात नाही. निदान या एका कारणासाठी तरी वयात आलेल्या मुलांस घरातील आजारांचा इतिहास सांगावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वयाचा प्रश्न याहूनही मोठा आहे. मेंदूची वाढ पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. चाळिशीतील मनुष्याने वर्षातून एकदा होळीला घेतलेली भांग आणि पंधरा वर्षांच्या मुलाने दररोज शाळा सुटल्यावर ओढलेला गांजा, यांस एकाच मापाने मोजणे अशास्त्रीय आहे. लक्ष न लागणे, स्मरण कमी होणे, अभ्यास सुटणे हे दुसऱ्या प्रकारात सर्रास दिसते. बुद्ध्यंक कायमचा घटतो की काय याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

सवय, श्वास, पोट

‘गांजाची सवय लागत नाही’ हा तरुणांत सर्वांत आवडता समज आहे. जुन्या अमेरिकी पाहणीनुसार आयुष्यात कधी तरी सेवन केलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक पुढे त्याच्या आहारी गेले. किशोरवयात आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सहात एकाच्या आसपास धरले जाते. दारूच्या किंवा हेरॉइनच्या मानाने हे कमी आहे, पण शून्य नव्हे. सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश, भूक मरणे, अस्वस्थता ही लक्षणे एक-दोन आठवडे राहतात. २०१३ पासून मानसोपचारशास्त्राच्या प्रमाण वर्गीकरणातही त्यांची नोंद आहे.

धूर हा धूरच असतो. चिलमीतून आला म्हणून तो पवित्र होत नाही, कापडातून गाळल्याने शुद्धही होत नाही. दीर्घकाळच्या सेवनाने खोकला व श्वासनलिकेची सूज येते, हे सिद्ध आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाशी गांजाचा थेट संबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. परंतु आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, आणि तंबाखूविषयी काही सिद्ध करावयाचे उरलेले नाही. एक विलक्षण विकारही अलीकडे लक्षात आला आहे. वर्षानुवर्षे रोज गांजा ओढणाऱ्या काहींस वारंवार अनावर उलट्या होतात व केवळ गरम पाण्याने स्नान केल्यावर बरे वाटते. २००४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी याचे प्रथम वर्णन केले. एरव्ही उलट्या थांबविणारे म्हणून ज्याची ख्याती, त्याचाच हा उलटा परिणाम आहे. गर्भवतीने सेवन केल्यास बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. सेवनानंतर काही तास दुचाकी चालविणे धोक्याचे आहे, आणि जोडीला दारू असेल तर तो धोका वाढतो. रात्रीच्या वेळी आपल्या किनारी रस्त्यांवर हे वेगळे सांगावयास नको.

केवळ गांजाच्या अतिसेवनाने श्वास थांबून प्रौढ मनुष्य मरतो काय? अफू-हेरॉइनने जसे घडते तसे येथे सहसा घडत नाही, कारण श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागात टीएचसीचे ग्राहक फार कमी आहेत. हे सत्य आहे व ते मान्य करावे. तसेच गांजा घेणारा प्रत्येक जण पुढे हेरॉइनकडे वळतो, हेही खरे नाही. बहुसंख्य वळत नाहीत.

‘दारूपेक्षा बरे’ या युक्तिवादाचे काय? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सच्या साहाय्याने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पिणारे आढळले, तर भांग, गांजा किंवा चरस घेणारे २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना उपचाराची अथवा मदतीची गरज होती. दारूमुळे ज्यांना अशी गरज आहे त्यांची संख्या ५.७ कोटींच्या घरात होती. दारूने अधिक घरे मोडली आहेत, यात शंका नाही, आणि ज्या घरात बाप रोज पितो त्या घरात मुलास गांजावर व्याख्यान देणे कठीणच जाते. तथापि दुसरा पदार्थ अधिक वाईट आहे एवढ्याने पहिला निरुपद्रवी ठरत नाही.

आणखी एक बदल जुन्या पिढीने जाणून घ्यावा. ‘आमच्या वेळी साधू ओढीत, त्यांना काही झाले नाही’ असे म्हणताना तो गांजा आणि आजचा गांजा एक नव्हे हे विसरले जाते. अमेरिकेत जप्त मालाच्या तपासणीत टीएचसीचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ साली सुमारे १२ टक्क्यांवर गेले. बंद खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात, मातीविना वाढविलेला ‘हायड्रो’ गांजा याहूनही तीव्र असतो. शिवाय प्रयोगशाळेत बनविलेली नकली द्रव्ये कोणत्याही पाल्यावर फवारून विकली जातात. त्यांचे परिणाम गांजाशी तुलना करण्याजोगे नसून कित्येकदा प्राणघातक असतात.

कायदा, आणि अग्रशाळेपर्यंत येणारी जबाबदारी

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजेच एनडीपीएस कायद्याने, चरस व फुलोऱ्याचा गांजा बाळगणे, विकणे, वाहून नेणे, सेवन करणे व झाड लावणे हे गुन्हे ठरविले. शेंड्यांवाचूनची नुसती पाने व बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थान येथे परवानाधारक भांगेची दुकाने दिसतात. त्यावरून ‘भांग देशभर कायदेशीर’ असा अर्थ काढणे चूक आहे. पानांचा विषय राज्यांकडे आहे. पत्रादेवी किंवा दोडामार्ग ओलांडून महाराष्ट्रात गेले की तेथील १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो व त्यात भांगेचाही समावेश आहे.

गांजा १ किलोपर्यंत व चरस १०० ग्रॅमपर्यंत ही ‘अल्प मात्रा’ होय. त्यासाठी १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अल्प मात्रा म्हणजे माफी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. गांजा २० किलो वा चरस १ किलो आणि त्याहून अधिक असल्यास शिक्षा १० ते २० वर्षे, आणि जामीन मिळणे अत्यंत दुर्घट. कुंडीत ‘शोभेसाठी’ लावलेले एक झाडही लागवडच ठरते. नुसत्या सेवनासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे.

घरमालक, तसेच देवस्थानचे विश्वस्त यांनी कलम २५ अवश्य वाचावे. आपल्या ताब्यातील घर, खोली, जागा वा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यासही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय वाढला आहे. भाडेकरूची ओळखपत्रे व पोलीस पडताळणी टाळून मिळणारे चार पैसे महागात पडू शकतात. अग्रशाळेतील खोल्यांच्या नोंदवहीत प्रत्येक उतारूची नोंद ठेवावी, आणि जत्रोत्सवातील दुकानांची जागा देताना लेखी अटी घालाव्यात.

आपल्या तरुणांच्या दृष्टीने न्यायालयाबाहेरची शिक्षाही मोठी आहे. बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांची व आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्यांची मूत्रतपासणी होते. क्वचित सेवनाचा अंश काही दिवस, तर रोजच्या सेवनाचा अंश कित्येक आठवडे सापडू शकतो. गोव्यातील एका रात्रीच्या मौजेपायी तोंडाशी आलेली नोकरी जाऊ शकते.

२०२० च्या डिसेंबर महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी या वनस्पतीस अतिकठोर यादीतून काढले व भारतानेही बाजूने मत दिले. हा निर्णय औषधी उपयोगाच्या संशोधनापुरता होता. नियंत्रित पदार्थांच्या मुख्य यादीत तिचे नाव कायम आहे. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून वाद झाला, तेव्हा ‘सरकार गांजा मोकळा करणार’ अशी आवई उठली होती. औषधी उपयोग खरोखर आहेत. कर्करोगाच्या उपचारांतील उलट्या, काही प्रकारच्या दीर्घ वेदना, स्नायूंचा ताठरपणा आणि बालकांतील काही दुर्धर अपस्मार यांत त्यांचा लाभ दिसला आहे. मात्र ‘गांजाने कर्करोग बरा होतो’ यास पुरावा नाही. त्या भरवशावर रुग्णाचे चालू उपचार थांबविणारे नातेवाईक त्याचा जीव धोक्यात घालतात.

मदत कोठे मिळेल

मुलाच्या खिशात पुडी सापडली तर बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया मारहाणीची किंवा ते लपविण्याची असते, आणि दोन्हींमुळे उपचारास विलंब होतो. कलम ६४-अ अन्वये, सेवनाच्या वा अल्प मात्रेच्या आरोपातील व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर त्या आरोपाखालील खटल्यापासून तिला संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. ही तरतूद फार थोड्या पालकांस ठाऊक असते. बांबोळी येथे गोवा मेडिकल कॉलेजच्या जवळ मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. १९८० साली स्थापन झालेली ही शासकीय संस्था असून तेथे व्यसनाधीनतेवर उपचार होतात. दूरध्वनीवरून सल्ला हवा असल्यास केंद्र शासनाची व्यसनमुक्ती सेवा १४४४६ आणि मानसिक आरोग्य सेवा टेली-मानस १४४१६ या क्रमांकांवर निःशुल्क उपलब्ध आहे. विक्रीविषयीची माहिती द्यावयाची असल्यास २०२४ साली सुरू झालेला १९३३ हा क्रमांक आहे. तेथे माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.